आमच्या जाऊबाईंना काही नको असतं

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी माझ्या खरेदीचा आनंद जेवढा नासवला, तेवढा महागाईनंही नासवला नसेल. बरं, त्या टोमणे मारत असत्या तर एक वेळ सोसलं असतं. तसं काही नाही. उपदेश तर कधीच नाही. उलट मी बाजारातून आले की माझी पिशवी उघडताना माझ्याहून जास्त खूश त्याच व्हायच्या. पडेगावात आमची दोन घरं शेजारी शेजारी. एकाच घराण्यात दोघी दिल्या गेलो, एकाच चर्चला जायचो. तरी त्यांच्या घरात बोललं तर आवाज घुमायचा, आणि माझ्या घरात पाहुण्याला बसायचं तर आधी खुर्चीवरचं काहीतरी उचलावं लागायचं.

जाऊबाईंचा एक नियम होता. घरात काही नवं आणावंसं वाटलं की ते तीन रविवार प्रार्थनेत ठेवायचं. तिसऱ्या रविवारनंतरही हवंसं वाटलं तर आणायचं. कुकरचा दांडा मोडला तेव्हाही त्यांनी हेच केलं. मी म्हटलं, "ताई, कुकरचा दांडा हा काय प्रार्थनेचा विषय झाला?" तर शांतपणे म्हणाल्या, "विचारायला काय जातंय? प्रभूला नाय विचारलं तर शेजारच्या बाईला विचारीन, आणि ती म्हणंल नवा कुकर घे." शेजारची बाई म्हणजे मीच. दुसऱ्या रविवारी आमच्या थोरल्या दिरांनी मोडक्या खाटेच्या पायाचा तुकडा तासून दांडा बसवला, आणि जाऊबाईंनी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभं राहून, प्रभूनं कशी सोय केली, त्याची साक्ष दिली. पाळकसाहेबांनीसुद्धा मान डोलावली. त्याच आठवड्यात मी तिसरा कुकर घेतला होता. त्याची साक्ष कुठं द्यायची?

त्यांना सुंदर वस्तूंची पारख नव्हती असं मात्र कुणी समजू नये. शहरात गुलमंडीवरच्या एका साडीच्या दुकानात त्या माझ्यासोबत यायच्या. गादीवर ऐसपैस बसायच्या, एकेक साडी मांडीवर घ्यायच्या, पदर उजेडात धरून विणणाऱ्याच्या हातांना दुवा द्यायच्या आणि नीट घडी घालून परत करायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी तिथं एक रुमाल घेतला नसेल. तरी दुकानदार चाचा त्यांना पाहताच गल्ल्यावरून उठायचे. "आओ आपा, नया माल आया है. लेना नक्को, बस देख लेव." मग त्यांच्यासाठी चहा यायचा. सणासुदीला तिथून साड्यांचे गठ्ठे उचलणाऱ्या मला पाणी विचारायचे, तेही बिल झाल्यावर. माझी नवी साडी घरी परतताना रिक्षा वाटेतल्या छावणीपर्यंत पोचेस्तोवर जुनी होऊन जायची. जाऊबाई मात्र दुकानात ठेवून आलेल्या साडीबद्दल आठवडाभर बोलत राहायच्या.

मग मी सोफा घेतला. एल आकाराचा, मखमली, खोलीच्या दारातून आत यायला तयार नव्हता म्हणून चौकट काढावी लागली. जाऊबाईंना मुद्दाम पहिल्यांदा बसवलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. त्या दोनदा वरखाली झाल्या आणि म्हणाल्या, "लई मऊ आहे गं. उठूच वाटंना." चेहऱ्यावर हेव्याचा मागमूस नाही. वर बुधवारची बायकांची प्रार्थनासभा आता माझ्याकडं भरेल असं मी गृहीत धरलं होतं, तर सगळ्या बायका नेहमीसारख्या जाऊबाईंच्या चटईवर जाऊन बसल्या. एकजण म्हणाली, "तुमच्या सोफ्यावर गुडघे टेकता येत नाहीत."

त्या वर्षीच्या नाताळात मी ठरवलं की या बाईला एकदा तरी मोहात पाडायचंच. खास हातमागाची हिमरू शाल आणली, गर्द जांभळी, अंगभर वेलबुट्टी. हातात दिली तशा जाऊबाई तिच्या वेलबुट्टीवरून बोटं फिरवत राहिल्या. नाताळच्या उपासनेला ती पांघरून आल्या तेव्हा सगळं चर्च वळून बघत होतं. मला वाटलं, जिंकले. पुढच्या रविवारी पाहते तर शाल फुलंब्रीहून पहिल्या बसनं येणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशींच्या खांद्यावर.

मी घरी आले ती तशीच त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. त्या मेथी निवडत होत्या.

"ताई, शाल आवडली नव्हती तर मला सांगायचं होतं."

"लई आवडली होती."

"मग दिली कशाला?"

त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "नाताळात प्रभुभोजनाला उभी होते. हातात भाकर, आणि माझं ध्यान सगळं खांद्यावर. मागच्या बाया बघायल्या का नाय, एवढंच डोक्यात. घरी आल्यावर चारदा कपाट उघडलं." मग म्हणाल्या, "तुला वाटतं मला काय नको असतं. मला समदं पाहिजे असतं गं. तुझा सोफा आला त्या दिवशी घरी येऊन रडले मी. म्हणून तर तीन रविवार लागतात. ज्याला नकोच असतं, त्याला एक रविवार तरी कशाला लागंल?"

कित्येक वर्षं मी त्यांच्या चेहऱ्यावर जे शोधत होते ते अखेर सापडलं होतं, आणि मला मुळीच आनंद झाला नाही. काहींना जन्मतःच गोड आवडत नाही, तसं यांना वस्तूंचं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत आले होते. तोवर मला वाटणारा त्यांचा हेवा सोसण्यासारखा होता. यांनाही माझ्याइतकंच हवं असतं, आणि तरी यांचा हात मागं येतो, हे कळल्यावर तो दुप्पट झाला.

"शाल आठवते का?" मी विचारलं.

"थंडीत आठवती," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मीही खाली बसले आणि मेथी निवडू लागले.

गेल्या वर्षी थोरले दीर निवृत्त झाले आणि दोघं लासूर स्टेशन या गावी राहायला गेले. जाऊबाईंचं माहेर तिथलं. एका छोट्या टेम्पोत सगळा संसार मावला आणि वर जागा उरली. निघताना त्यांना काहीतरी द्यावं म्हणून मी माझ्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरले. भरलेल्या घरात हातात घ्यावं असं काही दिसेना. मोकळ्या हातांनीच टेम्पोजवळ गेले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "येत जा. येताना काय आणू नको. आणलंस तर मला आवडंल, आणि मग माझी पंचाईत."

त्यांच्या घरात आता भाडेकरू आले आहेत. मधली भिंत पातळ आहे, त्यामुळं सकाळी त्यांचा टीव्ही इकडं ऐकू येतो. त्या वेळी पूर्वी जाऊबाईंची प्रार्थना ऐकू यायची. हलक्या आवाजात करायच्या, पण त्यात माझं नाव यायचं तेवढं स्पष्ट कळायचं. माझ्यासाठी काय मागायच्या, ते मात्र भिंतीला कान लावूनही मला कधी ऐकू आलं नाही.