काडीच्या टोकावर काय असतं

आत्या रविवारचं शब्दकोडं बॉलपेनाने सोडवते. पेन्सिल घेऊन बसणाऱ्यांविषयी तिचं मत बरं नाही. चुकायची तयारी ठेवूनच बसतात मेले, म्हणते. मूलद्रव्यांवरचे संकेत तर तिला हातचा मळ. ‘कोळशाचा श्रीमंत भाऊ, दोन अक्षरी’ आला की हिरा. ‘पेन्सिलीत राहतो पण शिसं म्हणवून घेत नाही’ म्हणजे ग्रॅफाइट. ‘ऑक्सिजनच, पण तिघांचं कुटुंब’ म्हणजे ओझोन. शिक्षण सातवीपर्यंतचं. बाकीचं रसायनशास्त्र काही आगकाड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं पेट्या भरताना कानावर पडलं, काही नवऱ्याने घरी आणलं.

एक संकेत मात्र ती कोरा सोडते. ‘आगकाडीच्या टोकावरचं मूलद्रव्य, चार अक्षरी.’ दोन-तीन वर्षांतून एकदा तो येतोच. उत्तर फॉस्फरस, हे कुणीही झोपेत सांगेल, आणि ते चूक आहे. काडीच्या टोकाच्या गुलात गंधक असतो, आणखी दोन-चार वस्तू असतात, फॉस्फरस नसतो. तो असतो पेटीच्या कडेला, काडी ओढतात त्या तपकिरी पट्टीत. तोही तांबडा, शांत स्वभावाचा. त्याचा पांढरा भाऊ पाण्यात बुडवून ठेवावा लागतो, हवा लागली की आपोआप पेटतो. त्याला कारखान्याच्या फाटकातही घेत नसत.

त्या पट्टीचा मसाला आत्याचा नवरा कालवायचा. नखं कायम तांबडी, म्हणून सगळे त्याला ‘तांबडेसाहेब’ म्हणत. साहेबपणा तेवढाच.

सव्वीस वर्षांपूर्वी गुल वाळवायच्या खोलीत आग लागली आणि दोन बायका गेल्या. त्यांतली एक रोज आत्याच्या शेजारच्या बाकावर बसायची. त्या दिवशी तिला वाळवणीत मदतीला धाडलं होतं. चौकशी बसली. चौकशी अधिकारी सज्जन होते, शिकलेले होते, आगकाडी त्यांनी फक्त ओढली होती.

“फॉस्फरस कुणाच्या ताब्यात असतो?”

“माझ्या, साहेब. पण तो गुलाला लागतच—”

“विचारलं तेवढंच सांगा.”

अहवालात छापून आलं की काडीच्या टोकावर फॉस्फरसचं प्रमाण जास्त झाल्याने आग लागली, आणि फॉस्फरस अमुक कामगाराच्या ताब्यात होता. तांबडेसाहेबांची नोकरी गेली. ज्यांना खरं ठाऊक होतं त्या इंजिनियरांची राहिली. नऊ वर्षांनी तांबडेसाहेब वारले. तोवर ते बाजारात जाताना लांबच्या रस्त्याने जात, कारण जवळच्या रस्त्यावर आत्याच्या त्या मेलेल्या मैत्रिणीच्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान होतं.

या शिवणारणीकडे आत्या एकदाच गेली होती, आगीनंतर सहा महिन्यांनी. नवऱ्याचा दोष नव्हता हे तिने मशीन न थांबवता ऐकून घेतलं.

“त्यांनी छापलंय,” ती म्हणाली. “तू छापलेलं दाखव, मग बोल.”

अहवाल कुणी पुन्हा छापणार नव्हतं. वर्तमानपत्र मात्र आठवड्याला कोडं छापत होतं. तेव्हापासून तो संकेत आला की आत्या पोस्टकार्ड टाकते. भाचा, वीज कंपनीत मीटर तपासतो, तो दर खेपेला तिची टर उडवतो.

“आत्या, किती कार्डं झाली?”

“अकरा.”

“एवढ्या अर्जांवर माणसाला घर मिळतं गं!”

“तुला मिळालं का?”

भाचा चहाकडे वळला.

बाराव्या कार्डाला उत्तर म्हणून स्वतः कोडेकारच आले. निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्राचे, इस्त्रीच्या शर्टाला एक बटण कमी. कार्डातला ‘अर्धवट माहितीचा माणूस’ हा शब्दप्रयोग त्यांना लागला होता.

“बाई, मी चौतीस वर्षं हेच शिकवलं. टोकावर फॉस्फरस नसतो हे मला माहीत आहे.”

आत्याने हातातली किटली खाली ठेवली.

“माहीत आहे?”

“अहो, पाठ्यपुस्तकात आहे. पण कोडं लोकांनी सोडवायचं असतं. लोकांना जे येतं तेच उत्तर धरावं लागतं. ‘पेटीच्या पट्टीवरचं’ असं लिहिलं तर निम्मे लोक अडतील. टोकावरचं म्हटलं की सगळ्यांना येतं.”

“सगळ्यांना येतं,” आत्या म्हणाली. “चौकशीतही सगळ्यांना आलं, सर. माझा नवरा एकटा नापास झाला.”

मग तिने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. भाचा खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता, जणू बाहेर मीटर होता. प्राध्यापकांचा चहा साय धरून बसला.

“मला अहवाल बदलता येणार नाही,” शेवटी ते म्हणाले.

“तुमच्या चौकटीखाली एक ओळ बदला.”

“संपादक म्हणतील, कोड्याला कसली दुरुस्ती.”

“मग तुम्ही काय म्हणाल?”

हा संकेत त्यांना जड गेला. चप्पल घालताना ते एवढंच म्हणाले, “बघतो.” या शब्दाचं मोल घरासाठी सरकारी कचेऱ्यांत खेटे घातलेल्या भाच्याला ठाऊक होतं. दुसऱ्या रविवारी तो कोडं बघायलाही आला नाही.

ओळ तिसऱ्या रविवारी आली. चौकटीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘आगकाडीच्या टोकावर फॉस्फरस नसतो. तो पेटीच्या कडेच्या पट्टीत असतो. कोडेकाराला हे माहीत होतं. चुकीबद्दल क्षमस्व.’

आत्याने कोडं तसंच ठेवलं, पानाची घडी केली आणि जवळच्या रस्त्याने निघाली.

शिवणारणीने चष्मा लावून दोनदा वाचलं. तिच्या मशीनवर कुणाचा तरी अर्धा सदरा होता.

“म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या मसाल्याचा तिथे संबंधच नव्हता?”

“नव्हता.”

“मग आग कशी लागली?”

“वाळवणीतली धूळ ओढणारा पंखा पंधरा दिवस बंद होता. धूळ साठली. कुठेतरी घासलं असेल.”

“ते कुठे छापलंय?”

“कुठेच नाही.”

“बंद होता हे तुला माहीत होतं?”

पेट्या भरायच्या बाकावरून तो पंखा ऐकू यायचा. पंधरा दिवस त्याचा आवाज आला नव्हता, आणि तेवढीच शांतता म्हणून दोघी मैत्रिणींना बरंही वाटलं होतं.

“होतं,” आत्या म्हणाली. “आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या बहिणीलाही.”

शिवणारणीने चष्मा काढला. स्टुलावरचे कापडाचे तुकडे उचलून मांडीवर घेतले.

“आत ये,” ती म्हणाली. “आणि दार लाव. चिंध्या उडतात.”