साडूंच्या घरचा पत्ता

जगाच्या पाठीवर जिथं जिथं माणसं राहतात, तिथल्या निदान एका घरात जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातला एक पत्ता पडलेला असणार, आणि त्या सगळ्यांना माझ्या थोरल्या साडूंनी जेवायला बोलावलेलं आहे. मी हे मुळीच फुगवून सांगत नाही. फार तर थोडंसं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. घराणं अमरावतीकडचं, जन्म इथलाच, जबलपूरचा, आणि उभी हयात कॉलेजात भूगोल शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यभर नकाशात दाखवलेले देश आणि जंगलं बघायला काढली. बघायला काढली म्हणतो खरा, पण बघितलं त्यांनी फारसं काहीच नाही. त्यांचा सगळा वेळ आमंत्रणं करण्यातच जाई.

आता कान्हाच्या जंगलातलंच घ्या. पहाटेच्या थंडीत आम्ही घरचे चौघं जिप्सीत कुडकुडत बसलेलो. लांब कुठंतरी चितळ ओरडलं, गाइडनं ओठांवर बोट ठेवलं, आणि आम्ही श्वास रोखून झाडीकडे बघायला लागलो. साडू गाइडच्या कानाशी लागून विचारत होते, "घर में कौन-कौन है, भैया? माँ है? फिर उनको लेके आओ ना एक बार." तेवढ्यात वाघ आला. चांगला रस्त्याच्या मधून, जावयासारखा रमतगमत गेला. आणि हे महाशय त्याच्याकडे पाठ करून गाइडच्या वहीत पत्ता लिहीत होते. मी म्हटलं, "भाऊजी, अहो, वाघ गेला ना." तर शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या. त्याला बोलावून काय करू? तो थोडाच वडाभात खाऊन राहिला."

तो पत्ता म्हणजे तर एक प्रकरणच होतं. 'कमानिया गेट से अंदर, पीपल के बाद बाएँ गली, नीला दरवाज़ा, किसी से भी पूछ लो.' घराला नंबर नाही, पिनकोड नाही. भूगोलाच्या प्राध्यापकानं दिलेला पत्ता हा असा. केनियात आम्ही दोन्ही जोडपी बरोबर गेलो होतो. मसाईंच्या वस्तीत तरुण पोरं उंच उड्या मारत नाचत होती, आमची सगळी टोळी फोटो काढण्यात गुंग होती. साडू मात्र एका म्हाताऱ्या गुराख्याशेजारी मातीत फतकल मारून बसले होते. वाटाड्याला मध्ये घालून गाई किती, दूध किती देतात, आजारी पडल्या तर काय करता, अशी चौकशी चाललेली. शेवटी निघताना खिशातून कागद काढून म्हाताऱ्याच्या हातात पत्ता. मी म्हटलं, "भाऊजी, त्यांना हिंदी कुठून वाचता येणार?" माझ्याकडे नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघून म्हणाले, "त्यांनी काहून वाचायचं? ऑटोवाल्याला दाखवायचं आहे." समरकंदच्या बाजारात रोट्या विकणाऱ्या एका आजीबाईंना त्यांनी असाच कागद दिला. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं एक गरम रोटी त्यांच्या हातावर ठेवली. पुढचे चार दिवस ते ती रोटी जपून नेत होते, ताईंना दाखवायला.

ताई म्हणजे माझी मेहुणी. केनिया सोडलं तर लांबच्या प्रवासाला त्या कधी गेल्या नाहीत, गुडघे साथ देत नसत. पण साडू परत आले की 'काय बघितलं' असं त्या विचारत नसत. विचारत, "किती जणांना सांगून आलात?" आणि आकडा ऐकून दुसऱ्या दिवशी गच्चीवर तेवढे जास्तीचे सांडगे वाळत घालत. आम्ही चिडवायचो, "काय ताई, मसाई आले का जेवायला?" त्या हसून म्हणत, "येतील तेव्हा येतील. आपल्या घरात कमी पडायला नको."

तीन वर्षांपूर्वी ताई गेल्या. मुलगा पुण्याला, गुणी पोरगा, रोज फोन करी की बाबा, इकडे या, तुमची खोली तयार आहे. साडू ढिम्म. म्हणत, "इतक्या लोकांना हाच पत्ता दिला आहे. एवढ्या लांबून माणूस यावा आणि दाराला कुलूप दिसावं, चांगलं दिसते का ते?" मुलगा आधी हसायचा, मग एकदा माझ्याजवळ फोनवर रडला. गेल्या हिवाळ्यात साडू स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले. सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या म्हणून कळलं. तेव्हा माझाही तोल गेला. म्हटलं, "भाऊजी, इतक्या वर्षांत एक तरी माणूस आला का हो?" बोललो आणि लगेच जीभ चावली. ते तांदूळ निवडत बसले.

आणि होळीनंतर एका दुपारी त्यांचा फोन आला. "भाऊ, लवकर या. पाहुणे येऊन राहिले." जाऊन बघतो तर कान्हाचा तो गाइड, त्याची म्हातारी आई, आणि हातात वहीचं घडी पडलेलं पान. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, शहरात ओळखीचं कुणी नाही. "लिखा था किसी से भी पूछ लो," तो संकोचून म्हणाला, "तो पूछ लिए." साडूंनी स्वतः वडाभात केला होता. वडे असे कडक, की माझ्यानं फुटेनात. म्हातारीनं मुकाट्यानं ते कढीत भिजवले, सावकाश खाल्ले आणि ताट पुढं केलं, "थोड़ा और दे, बेटा."

सत्तरी उलटलेला तो बेटा आणतो म्हणून आत गेला, तो बाहेर येईना. मी मागोमाग गेलो. ओट्याला धरून उभे होते, डोळ्यांना धार लागलेली. म्हणाले, "भाऊ, मी आयुष्यभर लोकांना कोणाच्या भरवशावर बोलावत होतो? जेवू तर तीच घालणार होती." मी भाताचं पातेलं उचलून बाहेर नेलं.

म्हातारीची पट्टी सुटेपर्यंत, आठ दिवस, पाहुणे राहिले. ते गेले त्याच संध्याकाळी साडूंनी मुलाला फोन केला, "ये, मला घेऊन जा." गाडीत बसवताना मी त्यांच्या पाया पडलो.

गेल्या आठवड्यात कमानिया गेटपाशी एक गोरी बाई हातात कागद घेऊन बावरलेली दिसली. साडूंचाच पत्ता असणार, म्हणून धावत गेलो. तिला भेडाघाटचा धबधबा बघायला जायचं होतं, कागदावर हॉटेलवाल्यानं तेवढंच लिहून दिलेलं. मी तिला ऑटोत बसवलं, ऑटोवाल्याला नीट समजावून सांगितलं. माझं घर जवळ होतं, जेवणाची वेळ होती, 'आधी दोन घास खाऊन जा' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण माझ्याच्यानं म्हणवलं नाही. ऑटो वळेपर्यंत नुसता हात हलवत उभा राहिलो.