निवडायचं ताट

गुरुवारी दुपारी मी मनामातल्या बँकेच्या रांगेत उभी असताना मधुकररावांचा फोन आला. "मीनल... शालू गेली." एवढंच. त्यांनी फोन ठेवला. तेवढ्यात माझा नंबर आला. काचेपलीकडच्या बहरीनी मुलीनं मला ओळखलं आणि तिच्या मोडक्या हिंदीत हसून विचारलं, "मामा शालू के लिए?" इथे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात. मी मान हलवली, नोट सरकवली आणि तिनं दिलेले पन्नास फिल्सच्या नाण्यांचे रोल पर्समध्ये टाकून बाहेर पडले. माणूस गेल्याची बातमी ऐकून कुणी सुटे पैसे घेत बसतं का? हे टॅक्सीत बसल्यावर लक्षात आलं आणि मग मात्र रडू आवरेना.

शालूताई आणि मी गुदैबियातल्या एकाच इमारतीत राहायचो. त्या वरच्या मजल्यावर, मी खाली. त्या मूळच्या अमरावतीकडच्या. मधुकरराव मुहर्रकच्या विमानतळावर तंत्रज्ञ, शिफ्टमध्ये काम करणारे. मी आले तेव्हा त्यांची एकुलती एक लेक प्राची नुकतीच शिकायला कॅनडात गेली होती. मी साताऱ्याची. घटस्फोटाच्या कागदावरची शाई वाळायच्या आत मिळेल ती अकाउंट्सची नोकरी धरून इथे आले होते. आठवडाभर ऑफिस असायचं, त्यामुळे निभायचं. शुक्रवारची सुट्टी मात्र खायला उठायची. अशाच एका शुक्रवारी सकाळी साखर मागायच्या निमित्तानं मी वर गेले. साखर माझ्या घरात भरपूर होती, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

दार उघडंच होतं. शालूताई सतरंजीवर बसल्या होत्या आणि पुढ्यात तांदूळ निवडायचं मोठं स्टीलचं ताट. पण ताटात तांदूळ नव्हते, नाणी होती. बोटाच्या टोकानं एकेक नाणं पलीकडे सरकवत होत्या, आपण खडे बघतो तसं. मी दारात घुटमळले, तर वर न बघताच म्हणाल्या, "हात रिकामे हायेत नं तुझे? मंग बस. हा ढीग तुझा."

त्या काय शोधतात, हे त्यांनी पहिल्या चहाबरोबर सांगितलं. आताच्या पन्नास फिल्सवर गलबत असतं, जुन्यावर खजुराचं झाड. झाडाचं नाणं आता चुकूनच हाती लागतं. पण ते केवळ हौसेपोटी. खरा शोध होता प्राचीच्या जन्मसालच्या नाण्याचा. "पोट्टी इथंच जन्मली, इथंच बोलाले शिकली. पण कागदावर इथली नाही, अन् अमरावतीले नेलं तं तिथं पाव्हणी. म्हटलं, तिच्या सालाचं इथलं एक नाणं सापडलं तं लग्नात तिच्या हातावर ठेवीन. सांगता तं येईन तिले, की बाई, त्या वर्षी मी होती तिथं." हे सांगताना त्यांचं बोट ताटात थांबलं होतं. मला तो हेतू इतका आवडला की मी पदर खोचून कामाला लागले. पदर नव्हता, पण आवेश तसाच होता.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. जुन्या नाण्यावरची सालं अरबी आकड्यांत असतात आणि अरबी पाच थेट आपल्या शून्यासारखा दिसतो. मी भलतंच साल वाचून ओरडले. शालूताई पोट धरून हसल्या. "अकाउंटंट हाय म्हंते बाप्पा, अन् पाचाले शून्य म्हंते! त्या कंपनीचं काही खरं नाही!" पुढे कित्येक वर्षं माझी ओळख करून देताना त्या हा किस्सा सांगत. बुद्धवंदनेला जमलेल्या बायकांनाही सांगितला, माझ्या आईला फोनवरही सांगितला.

मग तो आमचा नेमच झाला. गुरुवारी त्या बँकेतून रोल आणायच्या, शुक्रवारी सकाळी ते ताटात फोडायचे. नाण्यांचा तो पहिला खळखळाट, बोटांना लागणारा धातूचा वास, मधूनमधून चहा आणि अखंड गप्पा. माझ्या लग्नाबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. मीच एके दिवशी नाणी सरकवता सरकवता सगळं सांगून मोकळी झाले. खाली बघून बोलायचं असलं की माणूस बरंच बोलतो. त्या दिवशी त्यांनी फक्त माझ्या ढिगातली अर्धी नाणी आपल्याकडे ओढून घेतली. निवडून झालेली नाणी खालच्या कोल्ड स्टोअरमधला, म्हणजे इथल्या किराणा दुकानातला, मल्याळी दुकानदार सुट्ट्यासाठी आनंदानं घ्यायचा, झाडाचं एखादं निघालंच तर ते जॅमच्या बाटलीत जायचं आणि प्राचीच्या सालाचं नाणं काही निघायचं नाही. "खलास," शालूताई ताट झटकत म्हणायच्या. मग मला दारापर्यंत सोडायला यायच्या आणि दर वेळी तेच विचारायच्या, "पुढच्या शुक्रवारी येशीन नं?"

एकदा सुट्टीत आलेली प्राची आम्हाला बघून वैतागली. "आई, ऑनलाइन मिळतात ना, जस्ट ऑर्डर इट!" म्हणत तिनं फोन काढलासुद्धा. शालूताईंनी घाईघाईनं तो तिच्या हातातून घेतला. "विकतच घ्यायचं तं मंग सापडलं काय? ठेव तो फोन."

त्यानंतर काही दिवसांनी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी सहज बहरीनच्या नाण्यांची माहिती वाचत बसले... आणि माझा घास हातातच राहिला. प्राचीच्या जन्मसाली इथे चलनासाठी नाणी पाडलीच नव्हती. त्याच्या मागच्या-पुढच्या कित्येक वर्षांत नाही. आम्ही शोधत होतो ते नाणं जगात नव्हतंच. शुक्रवारी वर गेले ती सांगायचं ठरवूनच. पण शालूताईंनी ताट मांडून ठेवलं होतं, माझ्यासाठी आपला जुना चष्मा पुसून ठेवला होता. हा शोध संपला तर या बाईच्या घरात शुक्रवारी उरणार काय, असं मनात आलं. मी गप्प बसले. प्राचीचं लग्न झालं, तिच्या हातावर शालूताईंनी झाडाचं नाणं ठेवलं. म्हणाल्या, "सध्या हे घे, तुझं सापडलं की पाठवतो." मी तेव्हाही गप्पच होते.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. जिना चढवेना, म्हणून बँकेचं काम माझ्याकडे आलं. शेवटच्या शुक्रवारी त्या उशीला टेकून बसल्या होत्या, ताट मांडीवर. धाप लागत होती. तरी पाचाला शून्य म्हणण्याचा किस्सा पुन्हा निघालाच.

प्राची आली, सगळं आटोपून परत गेली. त्यानंतरच्या एका शुक्रवारी मी वर गेले. न फोडलेले रोल पर्समध्ये तसेच होते. ते मधुकररावांपुढे ठेवले आणि मनात इतकी वर्षं दाबलेलं सांगून टाकलं, की ते नाणं कधी नव्हतंच.

मधुकररावांनी एक रोल हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "तिले माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू आली त्याच्या आधीपासून. बाजारात जुन्या नाण्यांचं दुकान हाय नं, त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं तिले. खूप रडली होती. त्या शुक्रवारी म्हणे, आणलेले रोल तेवढे निवडतो अन् ताट तांदळाले परत घेतो. तेवढ्यात तू साखर मांगाले आली."

त्यांनी हातातला रोल परत खाली ठेवला.

"मले म्हणे, त्या पोरीले सांगू नोका. नाणं नाही म्हटलं तं ती कशाले येईन वर? एकटी बसीन खाली रडत."

मी तिची सोबत करत होते, असं मला वाटत होतं. अहो, ती माझी करत होती! शालूताईंना मी कधी एकेरी हाक मारली नाही, पण आत्ता लिहिताना ती एकेरीच होतेय... होऊ दे.

मधुकरराव उठले. आत जाऊन ताट घेऊन आले. त्यांनीच रोल फोडला, तोच खळखळाट झाला आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून निवडायला लागलो. काय शोधायचं, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. सगळी गलबतंच निघाली, झाड एकही नाही. "खलास," ते म्हणाले आणि ताट भिंतीला टेकवून ठेवलं. मला सोडायला दारापर्यंत आले. मी चपला घालत होते. मागून जरा अवघडून, सवय नसलेल्या माणसासारखं त्यांनी विचारलं, "पुढच्या शुक्रवारी येशीन नं?"