वन्संचे हात

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लहानसं सभागृह होतं. तिथं दर शनिवारी दुपारी जो सिनेमा लागायचा, तो वहिनी निवडायच्या. या सिनेमांना ना मोठं पोस्टर, ना ओळखीचे नट. कुणा पोरांनी घरच्यांच्या शिव्या खात केलेला पहिलावहिला सिनेमा, नाहीतर कुणी बाई वर्षानुवर्षं एकाच नदीच्या मागं हिंडून करते तसला माहितीपट. असले सिनेमे ढिगानं निघतात, आणि त्यातला पाहण्याजोगा कुठला हे ठरवायला कुणाला तरी आधी सगळे पाहावे लागतात. शिक्षिकेची नोकरी संपल्यापासून ते काम वहिनींनी अंगावर घेतलं होतं.

वहिनी हे नाव वन्संमुळे पडलं. वन्सं म्हणजे त्यांची थोरली नणंद, बिनलग्नाची. नवरा गेल्यावर घरात या दोघीच उरल्या. सभागृहात शिरल्या शिरल्या वन्सं तिथूनच ओरडायच्या, "अगं वहिनी, इकडं ये, इथं पंख्याचा वारा लागतो!" ऐकून ऐकून व्यवस्थापक वहिनी म्हणू लागला, सिनेमा लावणारा मशीनवाला वहिनी म्हणू लागला, पहिल्या रांगेतले दातांचे डॉक्टरही वहिनीच म्हणू लागले, आणि ते तर त्यांच्यापेक्षा वयानं मोठे होते.

सिनेमे घरी कॉम्प्युटरवर यायचे. कुणी चोरून दुसऱ्याला देऊ नये म्हणून चित्रावर पाहणाऱ्याचं नाव पुसट अक्षरांत फिरत राहायचं. वन्संना त्याची भारी मजा वाटे. "बघ, त्या बिचाऱ्या मुलीच्या नाकावर येऊन बसलीस," म्हणायच्या. शेजारच्या खुर्चीत बसून त्या जुने स्वेटर उसवायच्या आणि लोकरीचे गुंडे करायच्या. कुणासाठी, ते विचारायची सोय नव्हती. सिनेमा संपल्यावर मत विचारलं तर एवढंच, "बरा होता. पण त्या माणसाला कुणीतरी आधी पोटभर जेवायला घाला."

वहिनींना ते मत नकोच असायचं. त्यांचा एक डोळा सिनेमावर आणि एक वन्संच्या हातांवर. गुंडा सरसर फिरत राहिला, की सिनेमा बाद. हात मध्येच थांबले, लोकर मांडीवर तशीच पडून राहिली, की वहिनी मनात टिचकी वाजवायच्या, हा घ्यायचा. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पुढं पुढं तर आपण असं करतो हे त्यांचं त्यांनाही आठवेना. लोक म्हणायचे, वहिनींची नजर म्हणजे नजर, आणि त्यांनाही ते खरंच वाटायचं.

मग वन्संनी लग्न केलं. लोक काठ्या विकत घ्यायला लागतात त्या वयात. शेजारचं मांजर तपासायला एक निवृत्त गुरांचे डॉक्टर आले होते, ते मांजर बरं झाल्यावरही येतच राहिले. लग्नात सगळ्यांत जास्त हसल्या त्या वहिनी. वन्संची बॅग गाडीत ठेवली, दोघांना दुसऱ्या गावी लावून दिलं, आणि घरी येऊन दिवा लावला तेव्हा समोर रिकामी खुर्ची. तेव्हापासून घर खायला उठायचं.

सिनेमे मात्र येतच होते. वहिनी पाहतही होत्या, उलट जास्तच. सकाळी दात घासताना लावायच्या, भांडी घासताना लावायच्या. आणि शनिवारी लागू लागले ते सिनेमे असे, की पडद्यावर पाय ठेवायला जागा नाही. एका घरात वाटणीसाठी जमलेली सात भावंडं. एका बोटीवरचे बत्तीस खलाशी. एक अख्खा पोहण्याचा तलाव, आणि त्यात एकाच वेळी बोलणाऱ्या बायका. भावंडांचा सिनेमा वहिनींनी तीनदा पाहिला. तिसऱ्या वेळी तर कॉम्प्युटरकडं पाठ करून चादरींच्या घड्या घालत होत्या, आणि धाकट्या भावाला मोठ्यानं म्हणाल्याही, "तूच तेवढा समंजस आहेस रे बाबा."

सभागृहातले लोक मात्र अर्ध्यावर उठून जायला लागले. आधी एखाद-दुसरा, मग रांगेच्या रांग.

व्यवस्थापकानं त्यांना जिन्यात गाठलं. माणूस वाईट नव्हता. जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटानं पुसत म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. हल्लीचे सिनेमे म्हणजे नुसता कालवा असतो हो. कोण काय बोलतंय कळत नाही. डॉक्टर म्हणत होते, दात उपटून घेणारा माणूससुद्धा यापेक्षा मुद्देसूद ओरडतो."

"म्हणू देत. त्यांना काय, दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवय."

"ते झालंच. पण शनिवारची दुपार व्यायामाच्या वर्गवाल्या बाई मागताहेत. मी त्यांना थोपवून धरलंय. आता येत्या शनिवारी लोक बसले तर बसले, नाहीतर…"

वहिनी भराभर जिना उतरल्या. सबंध आठवड्यात कुणी त्यांना वहिनी म्हणून हाक मारायचं, ते तेवढ्या एका दुपारीच.

घरी येऊन त्यांनी आलेले सिनेमे पुन्हा काढले. त्यात एक माहितीपट होता, नुकताच प्रदर्शित झालेला, एका मुलीनं केलेला. डोंगरावरच्या हवामान केंद्रात एक बाई एकटी राहते, वारा मोजते, पाऊस मोजते, आकडे वायरलेसवरून खाली कळवते. वहिनींनी तो याआधी दोनदा सुरू केला होता आणि दोन्ही वेळा बंद केला होता. का, तर कंटाळवाणा. असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. आता तिसऱ्यांदा लावला. बाई दार उघडून बाहेर आली, उभी राहिली, आत गेली. कुणी बोललं नाही. पडद्यावर फक्त वहिनींचं नाव फिरत होतं. त्यांनी बंद केला आणि वन्संना फोन लावला.

"वन्सं, एक पाठवते, तेवढा बघा ना. मी इकडं लावते, तुम्ही तिकडं लावा. फोन चालू ठेवू."

"अगं, आम्ही दोघं निघालोय आत्ता बाहेर. आणि मला काय कळतंय गं सिनेमातलं?"

"इतकी वर्षं बघत होतात की माझ्याबरोबर."

"मी कुठं बघत होते? उसवत होते. बघत तू होतीस, तेही माझ्या हातांकडं." वन्सं हसल्या. "मला काय कळत नव्हतं होय? लोकरीला गाठ पडली की मी थांबायचे, आणि तू आपली लगेच ताठ व्हायचीस. कधी कधी तर चहा हवा असला की मुद्दाम थांबायचे. म्हटलं, सिनेमा पास झाला की खुशीत उठेल नि चहा टाकेल."

वहिनी हळूच म्हणाल्या, "म्हणजे सगळे चहावर पास झाले?"

"सगळे कसे? काही गाठीवर झाले. अगं, गंमत केली गं. ऐकलंस का? वहिनी? बरं, हे हॉर्न वाजवताहेत खाली, ठेवते हां."

फोन ठेवल्यावर वहिनींना राग आला, आणि आला तसा विरला, कारण तो काढायला समोर माणूस हवं. मग निवडलेले सिनेमे एकेक करून आठवले. जे आता आता निवडले, त्यात गर्दी होती. जे बाद केले, त्या प्रत्येकात कुणीतरी एकटं होतं: दीपगृहातला म्हातारा, रात्रपाळीची लिफ्टवाली, हा डोंगर. कालवा त्यांनी लोकांसाठी निवडलाच नव्हता. तो त्यांना स्वतःच्या घरात हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भांडी आवरली, चादरी कपाटात कोंबल्या, शेजारची खुर्ची आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि डोंगरावरची बाई पहिल्यापासून लावली. हातात काही घेतलं नाही. सुरुवातीला ती शांतता अंगावर आली. मग ती बाई वायरलेसवर आकडे सांगते आणि खालून रोज तोच माणूस म्हणतो, "मिळालं," आणि बाई क्षणभर थांबते, अजून काही म्हणेल म्हणून, ते दृश्य आलं. तो म्हणत नाही. ती टोपी घालून पुन्हा वारा मोजायला जाते. वहिनींनी तोंडावर पदर धरला. पण बंद केला नाही.

शेवटपर्यंत पाहिला, आणि तोच शनिवारी लावला.

शनिवारी काही लोक उठून गेलेच. बरेच बसले. सिनेमा संपल्यावर दातांचे डॉक्टर जिन्यातच सुरू झाले, "वहिनी, हे काय? दीड तास एक बाई दार उघडते नि लावते! यात बघायचं काय?"

पूर्वी वहिनी अशा वेळी वन्संकडं पाहून हसायच्या. आज त्या पायरीवर उभ्या राहिल्या. "तिचं थांबणं बघायचं होतं. मिळालं म्हटल्यावरचं. बघितलंत का?"

"ते… हो, ते एक होतं."

"एकदा नाही, रोज थांबते ती. पुन्हा बघा म्हणजे कळेल."

"माझा नवरा तसाच म्हणतो, मिळालं," मागून एक बाई म्हणाली, आणि लोक हसले. मग कुणी म्हणालं फार लांबलाय, कुणी म्हणालं शेवट आणखी लांब हवा होता, आणि जिन्यात अशी जुंपली की मशीनवाला किल्ल्या वाजवत वर उभा राहिला. व्यवस्थापक वहिनींजवळ येऊन म्हणाला, "व्यायामवाल्या बाईंना सोमवार देतो. पुढच्या शनिवारचं बघा."

वहिनी घरी आल्या. हे सगळं कुणाला तरी सांगायचं होतं. वन्संना फोन लावला, तो गुरांच्या डॉक्टरांनी घेतला.

"ती बाजारात गेलीय. फोन इथंच विसरली. काही निरोप?"

"सांगा, सिनेमा झाला म्हणावं."

"बरं." माणूस सभ्य होता, काहीतरी विचारावं म्हणून त्यानं विचारलं, "चांगला होता का?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"हो," वहिनी म्हणाल्या. "चांगला आहे."

"सांगतो तिला," म्हणून त्यांनी फोन ठेवला. वहिनींनी चपला काढल्या, एका माणसापुरता चहा टाकला, आणि पुढच्या शनिवारसाठी आलेला पहिला सिनेमा लावला.