सहकुटुंब नकलाकार

“आन् कुटुंब कुठं हाय?”

आष्ट्याला सर्व्हिस मोटारीतून उतरल्यावर सुभेदारांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. ते पलटणीतून पेन्शनीत आलेले, उसाचे बागायतदार. त्यांचा मुलगा लढाईवरून सुखरूप परतला होता, म्हणून दारापुढच्या मांडवात दुपारी नकलांचा कार्यक्रम होता.

मी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या पत्नीकडे बोट केलं.

“ह्या तुमच्या. मी नकलाकाराचं इचारतोय.”

“दत्तूचं? त्याचं लग्न व्हायचंय अजून.”

सुभेदारांनी कोटाच्या खिशातून माझंच कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. त्यावर छापलं होतं: ‘सहकुटुंब नकलाकार मिळतील.’

सांगलीत माझी लहानशी बुकिंग एजन्सी होती. लग्नात, शाळेच्या गॅदरिंगला कोणाला हसवणारा माणूस हवा असला की तो पाठवायचा, हे काम. नकलाकार म्हणजे एकट्यानेच मास्तर, भटजी, भांडखोर शेजारीण अशी दहा माणसं उभी करणारा. तमाशातल्या सोंगाड्याचं बोलणं बायकामुलांसमोर चालत नसे. आमचे विनोद घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ऐकावेत असे होते. कार्ड लहान, म्हणून मी हे सारं एका शब्दात बसवलं. बोलण्यात कुटुंब म्हणजे बायको, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाची चूक.

सुभेदार हळू आवाजात म्हणाले, “आवं, आमच्या आत्याबाईंनी तेवढ्यावरच हो म्हटलंय. जोडीनं येणारा गडी म्हंजी घरंदाज. न्हाईतर त्यो तमाशाच. आमच्या बायांनी जन्मात कवा असलं काय बघितलं न्हाई. सकाळधरनं लय खुळ्या झाल्यात.”

मांडव बायकांनी भरला होता. कित्येकींचे नवरे अजून पलटणीतच होते. आत्याबाईंनी दत्तूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“सडाच हाय व्हय? उठा गं समद्या. घराकडं चला.”

बायका उठू लागल्या. एकीने मूल काखेत मारलं, पण तिचा पाय काही हलेना.

माझी पत्नी चारचौघांत सहसा बोलत नसे. ती पुढे झाली. “आत्याबाई, याचा शब्द न् शब्द मी ऐकलाय. नवा नकलाकार आला की तो आमच्या बाहेरच्या खोलीत नकला करतो आणि मी आत भाजी चिरते. वावगं काही कानावर आलं की मी विळी आडवी करून उठते. मग त्याला काम मिळत नाही.”

हे खरं होतं. एजन्सीचे नियम मी लिहिले होते. परीक्षा ती घ्यायची.

“आन् ह्यो पास झाला?”

“दुसऱ्या खेपेला.”

आत्याबाईंनी थोडा विचार केला. “मग बस माझ्याजवळ. तू उठलीस की समद्या उठतील. ऐकलंस का रं?”

दत्तूने ऐकलं होतं. तो मधोमध उभा राहिला आणि ठरलेल्या साऱ्या नकला सोडून मांडवाच्या तोंडाकडे ओरडला, “अगं, चल की लवकर! आत्याबाई खोळंबल्यात!”

लगेच बाईच्या आवाजात उत्तर आलं, “आले, आले! लगीन करायला येळ न्हाई, आन् मला म्हणं लवकर चल!”

पुढे पाऊण तास तो नसलेल्या बायकोशी भांडला. बायका आधी पदराआड हसल्या, मग पदर सोडून. एक म्हातारी शेजारणीच्या मांडीवरच कलंडली. एकदा माझी पत्नी जरा हलली आणि सारा मांडव गप्प झाला. दत्तू अर्ध्या शब्दावर थांबला. तिने फक्त मांडी बदलली.

शेवटी ती नसलेली बायको रुसून बाहेरच थांबली, तेव्हा आत्याबाईंना राहवेना. “ये गं बाई आत! ह्या मुडद्याचं काय ऐकू नगंस!” असं म्हणत त्या खरोखर सरकल्या आणि त्यांनी सतरंजीवर जागा केली.

त्यानंतर मलकापूरपर्यंतची बोलावणी आली. नकलाकार कोण, हे फारसं कोणी विचारत नसे. “म्होरं बसणाऱ्या बाई येणार न्हवं?” एवढंच विचारत.

ती गेल्या वर्षी गेली. एजन्सी त्याच्या आधीच बंद झाली होती. शेवटपर्यंत पाटी माझ्या नावाची होती. धंदा कोण चालवतं हे गिऱ्हाइकाला लवकर कळतं, मालकाला जरा उशिरा.