फळी टाकून पळणारा गडी

मिस्त्रींच्या दुकानातून दुरुस्त झालेली वस्तू चिठ्ठी बांधल्याशिवाय बाहेर पडत नसे. मिक्सर असो नाहीतर रेडिओ; बिघाड काय होता ते लिहायचं, खाली सही. खोट्या चिठ्ठीवर त्यांनी उभ्या जन्मात सही केली नव्हती. "मी हात लावलेली वस्तू पुन्हा नाटक करत नाही," असं लेकीच्या लग्नात विहीणबाईंनाही ऐकवलं होतं.

विहीणबाई ते विसरल्या नव्हत्या. तीस वर्षं माळ्यावर पडलेलं बेसबॉलच्या व्हिडिओ गेमचं यंत्र त्यांनी सकाळीच धाडलं. निरोप असा, "चार वाजता न्यायला येते."

वायर तुटली होती. दहा मिनिटांत डाख देऊन मिस्त्रींनी यंत्र जुन्या टीव्हीला जोडलं. पडद्यावर अंगठ्याएवढे गडी उभे राहिले. दुसऱ्यांची खेळणी जोडण्यात केस पिकले, पण खेळायला म्हणून मिस्त्री स्वतः कधी बसले नव्हते. बेसबॉल म्हणजे चेंडूफळीचाच मावसभाऊ असणार, असा त्यांचा हिशेब.

बटण दाबलं. चेंडू लागला. अन् गड्यानं फळी फेकली आणि सुटला की उजवीकडे!

"अगं, पळाला!"

"कोण?" आतून बायको.

"गडी! मी पळ म्हटलंच नव्हतं. बटण चिकटतंय."

यंत्र उघडलं, बटण पुसलं. पुढचा गडी त्याहून बेरकी. चार चेंडू नुसते बघितले आणि सासुरवाडीला निघाल्यासारखा रमतगमत चालू लागला. कुणी अडवेना. पुन्हा उघडलं. मग तीन गडी बाद झाले आणि इतका वेळ मारणारी त्यांचीच माणसं चेंडू टाकायला उभी!

"वायरी उलट्या लागल्या." तिसऱ्यांदा उघडलं.

चारला विहीणबाई दारात. मिस्त्री घामाघूम, पुढ्यात कोरी चिठ्ठी.

"काय व्याहीबुवा, टेकले का हात?"

"यंत्र चालतंय हो. तुमचा गडी ऐकत नाही. फळी टाकून पळतो."

विहीणबाई हसून हसून खाली बसल्या. "मारलं की टाकून पळायचंच! चार वाईट चेंडू सोडले की पहिल्या ठाण्यापर्यंत फुकट चालत जायचं. तीन बाद झाले की आपली टाकायची पाळी. तुमचे जावई लहानपणी रोज हरायचे माझ्याकडून. बसा."

मिस्त्री बसले. अकरा विरुद्ध शून्य.

"द्या आता चिठ्ठी. बिघाड काय होता?"

नुसतं 'वायर' लिहावं, तर दिवस कुठं गेला ते सांगायला बायको दारात उभीच. मिस्त्रींनी डोकं खाजवलं, लिहिलं, सही ठोकली आणि चिठ्ठी दोऱ्यानं स्वतःच्याच शर्टाच्या बटणाला बांधली.

विहीणबाईंनी वाकून वाचली. 'यंत्र धड आहे. मिस्त्री बिघडलेला. दुरुस्तीला दोन दिवस.'

"मग यंत्र नेते मी."

"वा!" मिस्त्रींनी यंत्र मांडीवर ओढलं. "यंत्राशिवाय दुरुस्ती कशी व्हायची?"