सहादूभाऊंनी ओतलेलं ऑइल

तव्यावर भाकरी, दातांत रिबीन आणि समोर एका जागी न बसणारी चैताली. संजना लेकीची दुसरी वेणी घालत होती, तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार वाजवणारा माणूस साऱ्या कॉलनीत एकच. सहादूभाऊंचे हात कायम ऑइलने काळे, म्हणून ते बेलच्या बटणाला कधी बोट लावत नसत. आज मात्र नखांपर्यंत घासून हात स्वच्छ केलेले होते, आणि तेच तिला बघवेना.

"जयभीम, ताई. भाऊ गेले का शाळेत?"

"सहालाच गेले. एसटीने," ती बोलून गेली आणि मग तिलाच कसंतरी झालं. विंचूरच्या शाळेत शिकवायला रोज गाडीने जाणारा तिचा नवरा प्रफुल्ल आठवडाभर एसटीने का जातोय, हे कॉलनीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सहादूभाऊ मूळचे नामपूरचे. कांद्याच्या ट्रकांखाली आडवं पडून काम शिकले आणि तीस वर्षांपूर्वी सिडकोत पत्र्याची शेड टाकून बसले. शेडवर पाटी कधी लावली नाही, लागलीही नाही. कोपऱ्यावरून वळणाऱ्या गाडीच्या आवाजावरून ते आत बसल्या बसल्या सांगत, हिचा पट्टा गेलाय. ऑइलची त्यांची परीक्षाही तशीच. दोन थेंब चिमटीत धरायचे, डोळे मिटून चोळायचे. जितकं जाड, जितकं चिकट, तितकं चांगलं. प्रफुल्लच्या वडिलांची जुनी जीप त्या चिमटीच्या भरवशावर वीस वर्षं पळाली. त्या जीपला जाड ऑइल मानवतही होतं.

नवी गाडी टर्बोची, पेट्रोलवरची. सुरुवातीच्या सर्व्हिसिंगा शोरूमला झाल्या. मग गेल्या मार्चमध्ये प्रफुल्ल म्हणाला, आपला घरचा माणूस असताना तिकडे कशाला? सहादूभाऊंनी जुनं ऑइल खाली काढलं, चिमटीत घेतलं आणि हसले. "ताई, हे ऑइल हाय का पाणी? उन्हाळा तोंडावर आलाय. जाड टाकतो, इंजिन लय जगंल."

त्या वेळी संजनाच्या हातात गाडीचं पुस्तक होतं. सहज चाळताना तिने ते पान वाचलं होतं: शून्य डब्ल्यू वीस, फुल सिंथेटिक, टर्बोसाठी दुसरं चालणार नाही. सहादूभाऊंच्या कॅनवर वीस डब्ल्यू पन्नास, म्हणजे त्याहून कितीतरी जाड, लिहिलेलं तिला दिसत होतं. ती बोलणारही होती. पण तीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला बी. ए. झालेल्या बाईने पुस्तकातून शिकवायचं? तिने पुस्तक मिटलं आणि चहा टाकायला आत गेली.

उन्हाळा निभावला. जानेवारीत निफाडकडची थंडी पडली आणि सकाळी गाडी सुरू केली की बारीक शिट्टी यायला लागली. मग निळा धूर. शेवटी विंचूरच्या रस्त्यावर गाडीने दमच सोडला, ती टोचन करून आणावी लागली.

सहादूभाऊ सोफ्यावर न बसता दाराजवळच्या स्टुलावर टेकले. शोरूमवाले काय म्हणाले, एवढंच त्यांनी विचारलं. संजनाने काही लपवलं नाही. इंजिनात हवा कोंबणारा टर्बोचा पंखा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. थंडीत जाड ऑइल तिथवर उशिरा पोचतं, तेवढा वेळ तो कोरडाच फिरतो. आणि साधं ऑइल त्या उष्णतेने करपतं, त्याचा कोळसा बारीक नळीत बसतो. शोरूमवाल्यांनी उघडून दाखवली तेव्हा नळी काळीठिक्कर होती.

सहादूभाऊ मान खाली घालून ऐकत होते. "मी तिला जीपच समजलो," ते म्हणाले.

आता गप्प बसणं संजनाला जमेना. "भाऊ, मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं मी. बोलले नाही."

त्यांनी वर पाहिलं. "का नाय बोलल्या?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतं, ताई. घटकाभर."

त्यात राग नव्हता. रागावले असते तर तिला सोसलं असतं. चैतालीने स्वतःच रिबीन बांधली, दप्तर घेतलं आणि ती चालती झाली. स्वयंपाकघरात भाकरी करपल्याचा वास सुटला तशी संजना धावत जाऊन गॅस बंद करून आली. गाडी यापुढे शोरूमलाच न्यायची, असं प्रफुल्लने परवाच ठरवून टाकलं होतं. ते यांना कसं सांगावं, या विचारात ती उभी राहिली. पण सहादूभाऊंनीच ते सोपं केलं.

"गाडी आता तिकडंच न्या. मी सांगतो म्हणून न्या," ते उठत म्हणाले. उंबऱ्यावर मात्र थांबले.

"ताई, एक करा. पुढच्या वेळी ऑइल बदलायला जाल तवा मलाबी संगं न्या. कोणतं टाकतेत, कसं बघतेत, ते मला बघायचंय. हात लावणार नाय. मेकॅनिक हाय म्हणून तेवढं सांगू नका. घरचा माणूस हाय म्हणा."